घरी बांधलेलं जीपीएस घड्याळ: आठ महिने वापरल्यानंतर

जुलैमध्ये, पाऊस धो-धो कोसळत असताना, हे घड्याळ पहिल्यांदा चालू केलं. आता फेब्रुवारी संपत आला. मध्ये गणपती झाले, ऑक्टोबरचा उकाडा झाला, पहाटे बारा अंशांपर्यंत उतरणारी पुण्याची थंडीही झाली. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. या घड्याळाचे गुण आणि खोडी ऋतू बदलल्यावरच कळतात, म्हणून इतके दिवस थांबले.

सामान फार नाही. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), निओ-एम८एन हे जीपीएस मॉड्यूल, तीन मीटर वायरचा चौकोनी अ‍ॅक्टिव्ह अँटेना, डीएस३२३१ या वेळ राखणाऱ्या चिपची छोटी निळी पट्टी, आणि स्वयंपाकघरात लावायला ईएसपी३२ या वाय-फायवाल्या चिपवर चालणारा आठ आकडी लाल डिस्प्ले. पाय घरात आधीपासून होता. बाकीचं काही पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीतून आणलं, काही ऑनलाइन मागवलं. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसलं.

मॉड्यूल घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: पीपीएस नावाची पिन बाहेर काढलेली आहे का? ड्रोनसाठी विकली जाणारी बरीच मॉड्यूल्स दिसायला देखणी असतात, सोबत होकायंत्रही असतं, पण ही पिन नसते. ती नसेल तर आपल्या कामाला ते मॉड्यूल निरुपयोगी.

कारण सगळी मेख त्या पिनेत आहे. जीपीएसच्या उपग्रहांमध्ये सिझियमची किंवा रुबिडियमची अणुघड्याळं असतात. रिसीव्हर त्यांच्या संदेशांवरून स्वतःची जागा काढतो, आणि ती काढताना वेळही तितकीच काटेकोर सापडते. ही वेळ मॉड्यूल दोन वाटांनी देतं. सिरियल पोर्टवर वाक्यं येतात: इतके वाजले, अक्षांश अमुक, रेखांश तमुक. आणि पीपीएस पिनेवर प्रत्येक सेकंदाच्या आरंभी विजेचा एक टोला पडतो. वाक्यावरून सेकंद कोणता ते कळतं, टोल्यावरून तो नेमका कधी लागला ते कळतं. लग्नात मुहूर्त पत्रिकेवर छापलेला असतो, पण अंतरपाट दूर होतो तो शेवटच्या ‘सावधान’ला, तसंच हे. माहितीपत्रकात या टोल्याची अचूकता ३० नॅनोसेकंद दिली आहे. एका नॅनोसेकंदात प्रकाश साधारण ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे ही चूक नऊ मीटरांची झाली, आमच्या गॅलरीपासून मागच्या दारापर्यंतची. अँटेनाच्या तीन मीटर वायरमध्येच पंधराएक नॅनोसेकंद जातात. आपल्या जुन्या मापात घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, आणि विपळ म्हणजे ०.४ सेकंद. तिथून इथवर आलो आहोत, आणि तेही हजार-बाराशे रुपयांच्या पट्टीवर, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पायवर दोन प्रोग्रॅम चालतात. जीपीएसडी वाक्यं वाचतो आणि क्रोनी ती वाक्यं आणि टोला यांची सांगड घालून पायचं घड्याळ चालवतो. मग घरातला लॅपटॉप, डिस्प्ले, दुर्बिणीजवळचा छोटा संगणक हे सगळे पायला वेळ विचारतात. मांडणी करायला एक रविवार पुरला. दुरुस्त करायला मात्र तीन आठवडे लागले.

पहिली चूक अशी निघाली की तिने मला दोन रात्री जागवलं. क्रोनी सांगत होता की फरक एका मायक्रोसेकंदाच्या आत आहे, सगळं उत्तम आहे. पडताळा म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनपीएलच्या सर्व्हरशी वेळ ताडून पाहिली. भारताची प्रमाणवेळ तीच संस्था राखते, त्यामुळे शेवटचा शब्द तिचा. तर माझं घड्याळ बरोबर एक सेकंद चुकलेलं. थोडंथोडकं नाही, अख्खा एक सेकंद, आणि तो सेकंद मायक्रोसेकंदाच्या अचूकतेने चुकलेला!

कारण सिरियल पोर्टच्या वेगात होतं. मॉड्यूल ९६०० बॉडवर बोलत होतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं. जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास दोन्ही चालू असले की दर सेकंदाला उपग्रहांची यादी येते, आणि सगळी वाक्यं मिळून पाच-सहाशे अक्षरं सहज होतात. ती संपेपर्यंत अर्ध्याहून जास्त सेकंद उलटून गेलेला असतो. मग क्रोनी त्या वाक्याचं नातं जवळच्या टोल्याशी जोडतो, आणि तो जवळचा टोला पुढच्या सेकंदाचा असतो. उपाय सोपा आहे: उपग्रहांच्या यादीची वाक्यं बंद करा, वेग ११५२०० वर न्या, आणि उरलेला उशीर मोजून क्रोनीला सांगा. त्यानंतर आजतागायत ही चूक पुन्हा झालेली नाही. पण दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणाहून वेळ पडताळल्याशिवाय अशा घड्याळावर विश्वास ठेवू नका. टोला सेकंदाचं नाव सांगत नाही.

याच्याच जवळची एक खोड एका स्वस्त मॉड्यूलमध्ये पाहिली. ते मी आधी घेतलं होतं, नंतर बाजूला ठेवलं. जीपीएसची स्वतःची वेळ ६ जानेवारी १९८० पासून अखंड चालते, तिच्यात लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला जागतिक वेळेत मधूनच घालतात तो जादा सेकंद, घालत नाहीत. त्यामुळे आज ती जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरला घातला. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारीची पहाट होती आणि ५ वाजून २९ मिनिटांच्या त्या मिनिटाला ६१ सेकंद होते. हा १८ चा आकडा उपग्रह स्वतः सांगतात, पण तो संदेश साडेबारा मिनिटांतून एकदा येतो. तोवर मॉड्यूल कारखान्यात भरलेला जुना आकडा वापरतं. आमच्या भागात गुरुवारी वीज जाते. वीज आली की ते मॉड्यूल काही मिनिटं काही सेकंद पुढे धावायचं आणि मग एकदम मागे उडी मारायचं. त्याच्यावरची स्मृती राखणारी चिमुकली बॅटरी चार-पाच तासांत संपत होती. आता पाय आणि मॉड्यूल राउटरच्या छोट्या यूपीएसवर आहेत आणि गुरुवार बिनघोर जातो.

प्रमाणवेळेचा विषय निघाला म्हणून सांगते. माझे सासरे, म्हणजे बाबा, मुंबईत गिरगावात वाढले. १९०६ मध्ये भारताची प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने ३९ मिनिटं मागची आपली वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती. बाबांच्या वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘मुंबई टाइम’ होता. लग्नाची पत्रिका आली की कोणता टाइम हे आधी विचारायचं, अशी त्यांची आठवण. हे घड्याळ बांधताना बाबा रोज शेजारी खुर्ची टाकून बसत. त्यांच्याबद्दल पुढे अजून सांगायचं आहे.

अँटेना. पैसे कुठे घालायचे असतील तर इथे, आणि वेळही इथेच. पहिला महिना तो खिडकीत, काचेच्या आत होता. पश्चिमेचं तेवढं आकाश दिसायचं, पाच-सहा उपग्रह मिळायचे, आणि समोरच्या इमारतीवर आपटून येणारे संदेशही त्यात मिसळायचे. टोला पडायचा, पण अधूनमधून शंभर-दोनशे नॅनोसेकंद इकडेतिकडे. गॅलरीच्या ग्रिलवर पत्र्याचा एक तुकडा आडवा बांधून त्यावर अँटेना ठेवला, तेव्हा उपग्रहांची संख्या दुपटीवर गेली. खाली तळहाताएवढा पत्रा असला की जमिनीकडून परतून येणारे संदेश अडतात. पत्रा फुकट मिळाला, तुपाच्या डब्याचं झाकण होतं.

पावसाने या संदेशांना काही होत नाही. १५७५.४२ मेगाहर्ट्झवर मुसळधार पाऊसही आडवा येत नाही, हे जुलैत रोज पाहिलं. ओल मात्र जोडाच्या आत शिरते. ऑगस्टच्या मध्यावर सिग्नल हळूहळू उतरत गेला, आणि स्क्रूचा जोड उघडला तर आत हिरवी पुटं चढलेली. जोड बदलला, त्यावर ताणून गुंडाळायची रबरी टेप लावली आणि वायरला घरात शिरण्याआधी खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. केबलवाले पूर्वीपासून हे करत आले आहेत.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. अंधार पडल्यावर, आठ ते अकराच्या सुमारास, काही उपग्रहांची ताकद थरथरायची. आधी वाटलं जोड पुन्हा गेला. पण दिवसा सगळं ठणठणीत. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ राहतो. इथे सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, विरळ कणांचे बुडबुडे उठतात आणि विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत त्यांचा जोर असतो. संदेश त्यांतून येताना तारे लुकलुकावेत तसा लुकलुकतो. घड्याळाच्या कामात त्याने फार बिघडलं नाही, बाकीचे उपग्रह सावरून घेतात. तरी दोन हजारांच्या सामानातून आपल्याच डोक्यावरचं आयनांबर वाचता येतं म्हटल्यावर मी पंधरा दिवस रोज रात्री नोंद ठेवली.

आता उष्णता. आठ महिन्यांत सर्वांत जास्त शिकले ते इथे.

पायच्या आतलं घड्याळ साध्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालतं. क्रोनी त्याचा वेग किती चुकतोय हे दहा लाखांत किती भाग, म्हणजे पीपीएममध्ये, सतत लिहून ठेवतो. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. माझ्या पायची चूक सातच्या आसपास आहे, पण ती स्थिर नसते. तिचा आलेख काढला आणि बघतच राहिले. त्यात आमच्या घराचा दिवस होता.

पाय तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या फळीवर होता. सकाळी सातला कुकर लावला की पंधरा-वीस मिनिटांत रेषा वाकायची. दुपारी हॉलमधला पंखा लागला की ती परत फिरायची. रात्री दोनला एक टोकदार काटा, रोज. तो फोटोंच्या बॅकअपचा. प्रोसेसर पंधरा मिनिटं राबतो आणि तापतो. आणि या सगळ्यावर दिवसभर करवतीसारखे बारीक दाते. दात्यांचं कोडं सुटायला चार दिवस लागले. पायवर मी छोटा पंखा बसवला होता, ५५ अंशांना चालू आणि ४८ ला बंद. दर पाच-सात मिनिटांनी तो चालू-बंद व्हायचा, आणि प्रत्येक वेळी स्फटिकाला वाऱ्याची झुळूक लागायची. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रेषा कडेला जाऊन चिकटली आणि रात्री उशिरापर्यंत खाली आली नाही. चकल्या आणि शेव.

पंखा काढून टाकला. त्याजागी अख्ख्या पट्टीवर बसणारी अ‍ॅल्युमिनियमची जाड पेटी लावली. प्रोसेसरचा वेग एकाच आकड्यावर बांधून टाकला, बॅकअप दुसऱ्या संगणकावर नेला आणि पाय हॉलमधल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला. दिवसभरातला चढउतार जवळजवळ एक पीपीएमवरून ०.२ पर्यंत आला. टोल्याशी फरक आधी सरासरी दीड मायक्रोसेकंद असायचा, आता ०.४ च्या आसपास असतो. याला एक नवा पैसा लागला नाही, पेटी तेवढी साडेतीनशेची.

पण हा आकडा पायच्या आतला आहे हे लक्षात ठेवा. वायरने जोडलेल्या लॅपटॉपपर्यंत पोचेस्तोवर त्याचे ३०-४० मायक्रोसेकंद होतात. वाय-फायवरच्या डिस्प्लेत दोन-चार मिलीसेकंदांची चूक राहते, शेजारी कुणी चित्रपट बघत असेल तर जास्तच. डोळ्याला यातलं काही कळत नाही. ग्रहणं, चंद्रामागे तारे लपण्याच्या वेळा नोंदवायच्या असतील तर मात्र संगणक वायरनेच जोडा.

डीएस३२३१ बद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेकांना एवढंच पुरेल. हा चिप स्वतःचं तापमान दर ६४ सेकंदांनी मोजतो आणि स्फटिकाला त्याप्रमाणे सावरतो. ० ते ४० अंशांत २ पीपीएमची हमी आहे, म्हणजे वर्षाला फार तर एक मिनिट. माझा चिप दिवसाला ०.०९५ सेकंद मागे पडत होता, १.१ पीपीएम. त्याच्यात वयाची दुरुस्ती करायचा एक रजिस्टर, म्हणजे आकडा भरायची जागा, आहे, त्याची एक पायरी साधारण ०.१ पीपीएमची. टोल्याशी ताडून त्यात उणे ११ भरलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असे तीन महिने त्याला जीपीएसपासून तोडून ठेवलं. एक फेब्रुवारीला पाहिलं तर पाऊण सेकंदाचा फरक. दीडशे रुपयांची वस्तू आहे ही!

फक्त एक सावधगिरी, आणि ती मनापासून सांगते. या निळ्या पट्टीवर पुन्हा चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ बॅटरीसाठी चार्जिंगची सोय असते. आपण त्यात किराणा दुकानात मिळणारी साधी सीआर२०३२ घालतो. पट्टी पाच व्होल्टवर चालवली तर ती साधी बॅटरी चार्ज होत राहते, फुगते, फुटूही शकते. काचेच्या छोट्या डायोडशेजारचा रेझिस्टर काढून टाका, सोल्डरिंगचं एका मिनिटाचं काम आहे. पायला जोडायची असेल तर पट्टीला ३.३ व्होल्टच द्या, नाहीतर पायच्या पिना जातील.

भिंतीवरच्या साध्या घड्याळाचीही मोजदाद केली. त्यातला स्फटिक ३२,७६८ हर्ट्झचा, दोनाचा पंधरावा घात, म्हणजे पंधरा वेळा निम्मं केलं की एक सेकंद उरतो. हा स्फटिक २५ अंशांना सर्वांत वेगाने चालतो. त्याहून गार झाला तरी मंदावतो, तापला तरी मंदावतो. अंतराच्या वर्गाच्या पटीत, ०.०३४ पीपीएम. बारा अंशांवर १३ चा वर्ग धरला की पावणेसहा पीपीएम, दिवसाला अर्धा सेकंद. म्हणून गॅलरीच्या भिंतीवरचं घड्याळ थंडीत मागे पडतं आणि एप्रिलच्या अडतीस अंशांतही तेवढंच मागे पडेल. मनगटावरचं मात्र अंगाच्या उबेने बरं चालतं. रात्री काढून गार टेबलावर ठेवू नका.

कुणी घ्यावं? ज्याला घरात नेमकी वेळ दिसायला हवी त्याने डीएस३२३१ घ्यावा आणि महिन्यातून एकदा फोनशी मिळवावा. ज्याच्याकडे दुर्बीण आहे, जो रेडिओवर प्रयोग करतो किंवा जुनी घड्याळं दुरुस्त करतो, त्याने पूर्ण मांडणी करावी, आणि गॅलरीत किंवा गच्चीवर उघडं आकाश मिळणार असेल तरच. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी निओ-एम८टी बघेन. त्याला आपली जागा एकदा नीट मोजून दिली की तो ती पक्की धरतो आणि मग एका उपग्रहावरही वेळ देत राहतो. माझं मॉड्यूल ‘नाविक’ ही आपली भारतीय उपग्रहव्यवस्था ऐकत नाही, याची रुखरुख आहे. मे २०२३ मध्ये सुटलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या उपग्रहामध्ये आपल्याकडे बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे. त्याचा सेकंद माझ्या कपाटात यावा असं फार वाटतं.

आता बाबांचं घड्याळ. एचएमटी जनता, रोज चावी द्यायचं, ताशी १८,००० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला पाच. पूर्वी ते रेडिओच्या बातम्यांआधीच्या टोल्यांवर लावायचे. आता मोबाइलवरच्या रेडिओचे टोले कित्येक सेकंद उशिरा येतात, त्यामुळे तो आधार गेला. डिसेंबरमध्ये ते म्हणाले, “अगं, तुझा हा उपग्रहाचा सेकंद माझ्या जनताला दाखवता येईल का?”

दहा रुपयांची, कंप टिपणारी पायझो चकती घेतली, तिच्यावर घड्याळ ठेवलं आणि तिची वायर साउंड कार्डाच्या एका बाजूला दिली. दुसऱ्या बाजूला पीपीएसचा टोला, दोन रेझिस्टर लावून हळू केलेला. एका बाजूला जनताची टिकटिक, दुसरीकडे उपग्रहाचा सेकंद, दोन्ही एकाच फाइलमध्ये. साउंड कार्ड सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेणारं असलं तरी दोन टोल्यांमध्ये ४८,०००.९ नमुने येत होते. तेवढीच चूक मोजायची राहिली असती तर दिवसाला १.६ सेकंदांचा घोळ झाला असता. जनता दिवसाला ३८ सेकंद पुढे जात होतं.

ते घेऊन आम्ही दोघं पेठेतल्या एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी सगळं उघडून साफ केलं, तेल दिलं, मग भिंग डोळ्यावर चढवून घड्याळ कानाशी धरलं, चिमट्याने बारीक दांडी केसभर सरकवली आणि पुन्हा ऐकलं. यंत्र नाही, आलेख नाही. घरी येऊन चकतीवर ठेवलं तेव्हा ते दिवसाला सहा सेकंद पुढे होतं. दुसऱ्या दिवशी आलेखाचा कागद घेऊन मी त्यांना दाखवायला गेले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “सहा ठेवलेत मी मुद्दाम. उतारवयात मागेच पडतं ते.”

बाबा रोज सकाळी सातला चावी देतात आणि घड्याळ चकतीवर ठेवून विचारतात, “आज किती?” काल चार सेकंद पुढे होतं.